जहाजाची वेळ

पूर्वेकडे निघालेल्या जहाजावर दर चार-पाच दिवसांनी माणसाची तासभर झोप चोरीला जाते. चोरणारा कोणी परका नसतो. जेवणघराच्या दारावर काळा बोर्ड असतो, त्यावर सेकंड मेट हा अधिकारी खडूने लिहून जातो: आज रात्री घड्याळ एक तास पुढे. बस्स. सकाळी सहाला उठायचं ते पाचलाच उठायचं, आणि वर कोणी हसून विचारणार, "काय, झोप झाली का?" इंजिनखोलीतल्या माणसांना या बोर्डाचा जेवढा राग येतो तेवढा वादळाचाही येत नाही. वादळ निदान साहेबांनाही ओकायला लावतं.

त्या फेरीत असे तीन तास गेले होते. चौथा जायची वेळ आली तेव्हा बंदर तीन दिवसांवर होतं आणि माणसं पिसाळली होती.

"दोन दिवस थांबायचं आणि परत पश्चिमेला वळायचं," इंजिनाला तेल घालणारा ऑइलर ताटावर चमचा आपटत म्हणाला. "म्हणजे आज पुढे ढकलणार आणि आठवड्याने मागे ओढणार. आमची झोप काय लहान पोराचा पाळणा आहे का?"

"मग जा की वर. सांग कप्तानाला," भंडारी म्हणाला. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. पोट सुटलेला, जिभेने तिखट, हाताने अळणी.

"मी नाही. फिटरला पाठवा. त्याची जीभ म्हणजे फाटका पत्रा. लागला की रक्त."

फिटर गेला. दहा महिन्यांत त्याने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, पण दुसऱ्यांसाठी भांडायचं म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. कप्तानासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, दोन दिवसांच्या बंदरासाठी घड्याळ हलवू नका. बंदराला त्याची वेळ लखलाभ. आपण आपल्या वेळेवर राहू."

कप्तान हसला. "तू पुढारी व्हायला हवा होतास, फिटर."

"झालो असतो तर रोज घरी झोपलो असतो, साहेब."

कप्तानाने मान्य केलं. जहाज आपल्याच वेळेवर राहील, बंदर तासभर पुढे असलं तर असो. बोर्डावर तसं लिहूनही आलं. त्या रात्री भंडाऱ्याने फिटरच्या ताटात न मागता दोन अंडी जास्त टाकली आणि ऑइलरने त्याच्या पाठीत प्रेमाची अशी थाप मारली की घास घशात अडकला. फिटर कधी नव्हे तो खूश झाला. माणसाने स्वतःच्या हाताने खड्डा खणावा आणि चार जणांनी टाळ्या वाजवाव्यात, असा तो प्रकार होता. पण ते त्याला तेव्हा कसं कळणार?

खरं तर त्या बंदराचं नाव बोर्डावर आलं त्या दिवसापासून फिटरचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी याच बंदरात उतरला होता. उतरला म्हणजे उतरवला. थोरला दुसऱ्या एका जहाजावर इंजिनखोलीत मोटरमन होता. ताप डोक्यात गेला, बरळायला लागला, तेव्हा त्या जहाजाने त्याला दोन कपड्यांनिशी इथल्या हॉस्पिटलात सोडलं आणि भरती साधून निघून गेलं. माल नाशवंत होता म्हणे. माणूस नव्हता. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं: आपला माणूस हॉस्पिटलातून न सांगता निघून गेला आहे, कंपनी त्यास जबाबदार नाही. एकशे चार डिग्री तापाचा माणूस, ज्याला चप्पल कुठली कोणाची कळत नव्हती, तो परक्या देशात न सांगता निघून गेला. कुठे? फिरायला? पत्रावर सही करणाऱ्याने ती सही जेवायच्या आधी केली की नंतर, एवढंच फिटरला त्याला विचारायचं होतं.

मेला म्हणावं तर कागद नाही. जिवंत म्हणावं तर माणूस नाही. घरी आई रोज दाराकडे तोंड करून बसायची आणि म्हणायची, "येईल. त्याला उशिरा यायची सवयच आहे." आणि वहिनी शिलाईच्या मशीनवर मान मोडेपर्यंत काम करायची. पहिली तीन वर्षं ती काही बोलली नाही. चौथ्या वर्षी फिटर वर्कशॉपमधून घरी आला तेव्हा आई आत झोपली होती. वहिनी मशीन थांबवून म्हणाली, "भावजी, मला हो किंवा नाही पाहिजे. एवढंच. गेले असतील तर रडेन आणि उठेन. असतील तर वाट बघेन. पण हे मधलं मला जमत नाही. गेले असले तरी चालेल असं म्हणणारी बाई वाईट असेल, तर मी वाईट."

फिटरने वर्कशॉपची पक्की नोकरी सोडून समुद्र धरला तो त्यामुळे. चांगला तिशी उलटलेला माणूस, पोहायला येत नाही, बोटीच्या नुसत्या वासाने पोटात ढवळतं, आणि हा निघाला. एजंटाला म्हणाला, "त्या मार्गावरचं कुठलंही भंगार चालेल." तिसऱ्या जहाजावर असताना त्याला एक म्हातारा मोटरमन भेटला. त्याने सांगितलं की त्या शहरात बेवारस प्रेतांचं नगरपालिकेचं दफन खातं आहे. तिथे एक वही असते. नाव माहीत नसलं की अंगावरच्या खुणा लिहितात. फिटरने त्या खात्याला अकरा पत्रं पाठवली. बाराव्याच्या आधी एक छापील उत्तर आलं: माहिती फक्त नातेवाइकाला, समक्ष, ओळखपत्र पाहून.

खूण पक्की होती. थोरल्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट अर्धं होतं. दोर ओढायच्या विंचमध्ये गेलेलं. वहीत ते असेल, नाहीतर नसेल. हो किंवा नाही.

जहाज लागलं ते आठवड्यातल्या शेवटच्या कामाच्या दिवशी पहाटे, आणि दोन दिवसांचा मुक्काम अचानक एका दिवसावर आला. क्रेन रिकाम्या होत्या, माल भराभर उतरत होता, संध्याकाळी आठला सुटायचं ठरलं. सेकंड इंजिनियरने फिटरची रजा नाकारली. जनरेटर उघडायचा होता.

"साहेब, मी याच एका दिवसासाठी दहा महिने तुमचं गटार उपसलंय," फिटर म्हणाला.

"सगळेच असं म्हणतात. कोणाची बाई असते, कोणाची बाटली."

"माझा भाऊ आहे."

 तेवढ्यात मागून ऑइलर म्हणाला, "जनरेटर मी उघडतो. जाऊ दे त्याला. नाहीतर हा इथेच पाना घेऊन कोणाचं तरी डोकं उघडेल."

पास मिळाला. शिडीपाशी फळीवर लिहिलं होतं: पाच वाजता सर्व हजर, जहाजाची वेळ. गाडी चारला खलाशी क्लबापासून. फिटरने मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते थोरल्याचं होतं, त्याने जुन्या पट्ट्याचं म्हणून घरी ठेवून दिलेलं. त्यावर नऊ वाजले होते.

भंडारी कठड्यावरून ओरडला, "लसूण आण! आणि जमलं तर आमच्यासाठी थोडी अक्कल!"

"तुला लागेल तेवढी गाडीत मावणार नाही," फिटर ओरडला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला स्वतःच्याच हसण्याचा आवाज ऐकू आला.

बंदर म्हणजे शहर नव्हे. हे ज्याला कळत नाही त्याने खलाशांचा हेवा करावा. आधी डब्यांच्या रांगा, मग कुंपण, मग पहारेकऱ्याची खोली, जिथे तुमच्या पासाकडे असं बघतात जणू तो तुम्ही नाकातून काढलाय. मग दोन कोस धुळीचा रस्ता, ट्रकांची रांग, टायरची दुकानं, आणि मग कुठे एक पूल आणि पुलापलीकडे माणसं. दहा महिन्यांनी फिटरने बाईच्या हातातली भाजीची पिशवी बघितली. एका खिडकीत वाळत टाकलेला लहान मुलाचा मोजा बघितला. त्याला रडू येईल असं वाटलं म्हणून त्याने ट्रामच्या पाटीवरचे आकडे मोठ्याने वाचले.

दफन खातं नगरपालिकेच्या मागच्या अंगाला होतं, जिथे पुढून येणाऱ्या लोकांना दिसू नये अशा ठिकाणी. तळमजल्यावर एक लांब खोली, एक काउंटर, काचेमागे फायलींची कपाटं. भिंतीवर घड्याळ काढून नेल्याचा गोल पांढरा डाग होता, त्याखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर. काउंटरवर एक कारकून बाई बसली होती. चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, बोटांना शाई. तिला आणि फिटरला मिळून एका तिसऱ्याच भाषेतले शे-दोनशे शब्द येत होते. तेवढ्यावर काम चाललं.

त्याने ओळखपत्र ठेवलं. भावाचा फोटो ठेवला. आपल्याच डाव्या हाताची दोन बोटं मुडपून दाखवली.

बाईने फोटो उचलला नाही, पण खाली वाकून बघितला. "किती वर्षं?"

"सहा."

"त्या वर्षाची वही वर आहे. कुलपात. चावी साहेबांकडे. नातेवाइकाला वाचून दाखवायचा अधिकार साहेबांना आहे, मला नाही." तिने एका चिठ्ठीवर मोठा तीनचा आकडा काढून त्याच्यापुढे सरकवला. "साहेब तीनला येतात. एकच तास. चारला बंद. मग दोन दिवस सुट्टी."

"तीन," फिटर म्हणाला आणि घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा. "येतो. त्याच्या आधीच येतो."

"साहेब आले की मी वही काढून ठेवते," ती म्हणाली. आणि मग, जणू नियमात नसलेलं काही बोलतेय अशी, हळूच म्हणाली, "जेवून घ्या."

आता कोणी म्हणेल, ज्याने तीन दिवसांपूर्वी त्या एका तासासाठी कप्तानाशी भांडण केलं, तो विसरला कसा? विसरला नाही. त्याला कोणी मध्येच हलवून विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण दहा महिने ज्याच्या कानावर पडलेली प्रत्येक वेळ जहाजाची होती, कामाची, जेवणाची, आगीच्या कवायतीची, त्याला तीन म्हणजे एकच तीन. ती बाई जहाजावर राहत नाही, हे त्याच्या मनात आलंच नाही. फोनमध्ये इथलं सिम नव्हतं, तो आणलेल्या वेळेवरच मुका पडून होता. आणि मनगटावर थोरल्याचं घड्याळ. त्याच्यावर संशय कोण घेणार?

त्याच्याकडे चार तास होते असं त्याला वाटलं, आणि चार तास म्हणजे काय याचा त्याला विसर पडला होता. तो चालत सुटला. एका गल्लीत लोहाराचं दुकान होतं. तिथे तो उभा राहून वेल्डिंग बघत राहिला आणि मनात म्हणाला, शिवण वाकडी आहे, गड्या. लोहारानेही वर बघितलं, याच्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघितले आणि काच वर करून हसला. दोघांनी एक शब्द न बोलता एकमेकांची इभ्रत ठेवली. पुढे बाजार लागला. भंडाऱ्यासाठी लसूण घेतला. एका टपरीवर पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं, नदीकडे तोंड करून. पाण्यावर ऊन होतं. बाकावर एक म्हातारा-म्हातारी एकाच पिशवीतून काहीतरी खात होते आणि भांडत होते. फिटरला वाटलं, थोरला इथे असला तर? याच पुलावरून तो चालत गेला असला, भ्रमात, चप्पल न घालता? तो प्रत्येकाच्या डाव्या हाताकडे बघायला लागला. ट्रामच्या दांड्याला धरलेल्या हातांकडे. सिगारेट धरलेल्या हातांकडे. सगळ्यांची बोटं पुरी होती.

शिवणसामानाच्या एका दुकानात त्याने वहिनीसाठी लहान कात्री घेतली, धागे तोडायची, चोचीसारखी. ती म्हणाली होती काही आणू नका. पण हो किंवा नाही घेऊन जाताना हातात काहीतरी असावं असं त्याला वाटलं.

मग त्याने काचेत स्वतःला बघितलं. दाढी जंगल, केसांत तेलाचा गंज. साहेबासमोर नातेवाईक म्हणून उभं राहायचं तर माणसासारखं दिसावं. त्याच्यासारखी माणसं आयुष्यभर हेच करत आली आहेत. साहेबाकडे जायचं तर आधी धुऊन-पुसून जायचं. कोणत्या साहेबाने कधी त्यांच्यासाठी केस कापलेत?

तो न्हाव्याकडे शिरला. आधीच दोन गिऱ्हाइकं होती. फिटर बसून राहिला. त्याची पाळी आली तेव्हा समोरच्या आरशावर घड्याळ होतं, त्यात तीनला दहा कमी. त्याने मनगट बघितलं. दोनला दहा कमी.

त्याने न्हाव्याला खुणेने दाखवलं: तुझं घड्याळ तासभर पुढे आहे.

न्हाव्याने आधी भिंतीकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे, आणि हसून मान हलवली. नाही नाही. फिटरही हसला. असेल बाबा, तुझ्या दुकानात तुझी वेळ. न्हाव्याने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, खुर्ची मागे केली, तोंडावर गरम ओला टॉवेल ठेवला. दहा महिन्यांत कोणी इतक्या हलक्या हाताने फिटरला शिवलं नव्हतं. तो डोळे मिटून पडून राहिला. तिकडे तीन वाजले.

तीनला पाच कमी असताना तो खात्याच्या दारात पोचला. गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. पाच मिनिटं आधी. त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पहारेकरी शटर खाली ओढत होता.

"अरे, थांब, थांब!" फिटर मराठीतच ओरडला. शटर कमरेपर्यंत आलं होतं. त्याखालून कारकून बाई वाकून बाहेर आली, हातात डबा आणि छत्री. तिने आधी त्याला ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्ही तीन म्हणालात," फिटरने चिठ्ठी काढली. "हे बघा. तीन. मी पाच मिनिटं आधी आलोय."

तिने स्वतःचं मनगट पुढे केलं. चारला पाच कमी.

फिटर त्या मनगटाकडे बघत राहिला. मग स्वतःच्या. मग पुन्हा तिच्या. आणि त्याच्या कानात त्याचाच आवाज आला, मोठा, मस्तीतला: बंदराला त्याची वेळ लखलाभ. त्याच्या पायाखालची फरशी जहाजासारखी एका बाजूला कलली.

"साहेब होते," ती म्हणाली. "पाऊण तास. मी सांगितलं त्यांना, येईल म्हणून. दोनदा बाहेर येऊन रस्ता बघितला. त्यांची आगगाडी होती. गेले. चावी घेऊन गेले."

"वही?"

"टेबलावर आहे. आतल्या खोलीत. खूण घालून ठेवली होती तुमच्यासाठी."

"मग आत चला. तुम्ही वाचा. दोन ओळी. दोन बोटं, बाई, दोन बोटं आहेत की नाहीत, एवढंच!"

"ती खोली आता बंद आहे."

"तुम्ही काढून ठेवली ना वही? म्हणजे तुम्ही बघितलं असेल. पान उघडलं असेल. खूण घातली म्हणजे उघडलंच असेल!"

"त्या वर्षी अनोळखी अकरा होते. तेवढं बघितलं. खुणा वाचायचा मला अधिकार नाही."

"अधिकार!" फिटरने शटरवर मूठ मारली. सगळी गल्ली वाजली. "माझा भाऊ मेलाय का जिवंत आहे हे एका कागदावर लिहिलंय, तो कागद या दारामागे आहे, आणि तुम्हाला अधिकार नाही! कोणाला आहे? त्याला कंपनीने फेकला तेव्हा कोणाला होता?"

पहारेकरी मध्ये आला. त्याने फिटरच्या खिशातून डोकावणारा पास बोटाने ठोकला आणि मग पोलिसाच्या शिट्टीचा आविर्भाव केला. अर्थ सरळ होता. पास जप्त झाला तर फिटरही थोरल्यासारखाच, न सांगता निघून गेलेला. त्याच्याही घरी एक पत्र जाईल.

बाई बरंच काही बोलली. सुट्टीनंतर या, म्हणाली. फिटर म्हणाला जहाज आज सुटतं. मग अर्ज करा. अर्ज अकरा केलेत.  जाताना तिने त्याच्या नव्याने कापलेल्या केसांकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं असावं, कारण तिने पटकन मान फिरवली. तिने पान वाचलं होतं की नव्हतं? फिटरला ते पुढे जन्मभर कळणार नव्हतं. मान दुःखाने फिरवली, शरमेने फिरवली, की नुसती ट्राम आली म्हणून, हेही नाही.

दफनभूमी खात्याच्या मागेच होती, एका भिंतीपलीकडे. तो तिथे गेला, कारण पाय दुसरीकडे कुठे जायला तयार नव्हते. अनोळख्यांचा कोपरा कुठला ते विचारावं लागलं नाही. बाकी ठिकाणी दगड होते, नावं होती, झाडं होती. कोपऱ्यात गुडघ्याएवढे सिमेंटचे खांब, त्यांवर रंगाने वर्ष आणि आकडा. सहा वर्षांपूर्वीचे अकरा. त्याने मोजले. एक ते अकरा. त्यातला सातवा मोडून आडवा पडला होता.

फिटर प्रत्येकापुढे उभा राहिला. काही वाटतंय का बघत होता. लोक म्हणतात ना, रक्ताला रक्त ओळखतं. खोटं बोलतात. काही वाटलं नाही. एका खांबापुढे नाही आणि दुसऱ्यापुढेही नाही. अकराच्या अकरा सारखेच मुके. यातला एकही त्याचा नसेल. किंवा याच खांबावर त्याने आत्ता हात टेकवला असेल. वाकून त्याने सातवा खांब उभा केला, बुंध्याशी माती दाबली, बुटाने ठोकली. तेवढंच त्याला येत होतं, पडलेली वस्तू सरळ करणं.

खलाशी क्लबात इंटरनेट फुकट होतं. भिंतीला लागून खुर्च्या, एक टेबल-टेनिस, कोपऱ्यात हसणारी कुठलीशी पोरं. गाडीला वीस मिनिटं होती. त्याने घरी फोन लावला. वहिनीने पहिल्याच रिंगला उचलला. मशीनचा आवाज नव्हता. म्हणजे ती फोन मांडीवर घेऊनच बसली होती.

"बोला, भावजी."

त्याने पिशवीत हात घालून कात्री मुठीत धरली.

"हो का नाही?" ती म्हणाली. "मी बसलेय. सांगा. पडणार नाही मी."

"ऑफिस बंद झालं, वहिनी."

"बंद झालं म्हणजे?"

"मला उशीर झाला. आमचं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ... एक तासाचा फरक असतो. तो मीच ठेवायला लावला होता. लोकांची झोप जाते म्हणून."



"किती उशीर?"

"एक तास."

"तेवढा वेळ कुठे होतात?"

"केस कापत होतो," फिटर म्हणाला. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती श्वास घेत होती. मग मागून आईचा आवाज आला, मोठा, बहिऱ्या माणसाचा: "काय म्हणतोय तो? सापडलं का? अगं बोल ना, काय लिहिलंय त्या वहीत?"

आणि मग वहिनीचा आवाज, फोनपासून लांब जाऊन, आईकडे वळून, स्वच्छ आणि मोठा:

"वही बघितली म्हणे, आई! त्यात नाहीत ते! नाव नाही, खूण नाही! म्हणजे असतील कुठेतरी!"

"बघ!" आई ओरडली. "मी काय सांगत होते! सहा वर्षं मी काय सांगत होते!" आणि म्हातारी हसायला लागली. ते हसणं समुद्रावरून येऊन फिटरच्या कानात शिरलं.

"वहिनी," तो म्हणाला, "हे काय केलंत तुम्ही? आता तुम्हाला..."

"मला काय," ती म्हणाली. "आईंच्याने दुसरं काही ऐकवलं नसतं. एकीचं तरी मिटलं." थोडी थांबून म्हणाली, "तब्येतीला जपा. आणि तिथे परत जायचं डोक्यातून काढा." तिने फोन ठेवला. ठेवायच्या आधी एक सेकंद मशीनचं चाक फिरल्याचा आवाज आला.

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी तपासली. लसूण परत दिला, कात्री ठेवून घेतली. धार आहे, म्हणाला. फिटरने वाद घातला नाही. ज्याने जन्मभर प्रत्येक गोष्टीवर वाद घातला त्याने वाद घातला नाही. शिडीवर त्याचा चेहरा बघूनच ऑइलरला समजलं आणि त्याने बाजूला होऊन वाट दिली. भंडाऱ्याला समजलं नाही. "आयला, नवरदेव!" तो ओरडला. "शहरात जाऊन रूप घेऊन आलास की!" मग त्यालाही समजलं. तो लसूण घेऊन आत गेला.

जहाज आठला सुटलं. जहाजाची वेळ.

पाचव्या दिवशी पश्चिमेच्या पाण्यात जेवणघराच्या बोर्डावर खडूने आलं: आज रात्री घड्याळ एक तास मागे. माणसं आनंदली. एक तास झोप फुकट. ऑइलरचा मदतनीस टेबल बडवायला लागला. फिटर उठला, बोर्डापाशी गेला आणि तळहाताने सगळं पुसून टाकलं.  तो हात तसाच खडूने भरलेला घेऊन खाली इंजिनखोलीत गेला.

थोड्या वेळाने सेकंड मेट आला, रिकामा बोर्ड बघितला, एक शिवी हासडली आणि तेच पुन्हा लिहिलं. जरा मोठ्या अक्षरात.